रॉस्को, मेबल आणि बाराव्या मजल्यावरची पार्टी: मूकपट कार्यक्रमाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

वाचनालयाचा हॉल मिळाला. रविवार संध्याकाळ, दीड तास, तिकीट नाही, आणि पडदा-प्रोजेक्टर आपलाच न्यायचा. वाचनालयाच्या ताईंना वाटत होतं चार्लीचा कार्यक्रम आहे, साहजिकच आहे, आपल्याकडे मूकपटातली कॉमेडी म्हटलं की चार्ली आणि फार तर बस्टर कीटन. त्यांना सांगितलं की चार्ली येईल पण पाहुणा म्हणून, कार्यक्रम रॉस्को आर्बकल आणि मेबल नॉर्मंड या अमेरिकन विनोदी जोडीवर आहे. त्यांनी लगेच विचारलं, तो जाड्या का, जाड्या-रड्यातला? नाही, तो ऑलिव्हर हार्डी, तो नंतरचा. रॉस्को त्याच्या आधीचा, १९२१ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा करार असलेला माणूस, चॅप्लिनच्या बरोबरीने जगभर ओळखला जाणारा, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका पार्टीनंतर सगळं संपलं.

प्रकल्प म्हणजे काय करायचंय ते इथे एकदा लिहून ठेवतो. त्यांच्या फिल्मचे तुकडे दाखवायचे, मधे मधे मी मराठीत बोलायचं, आणि मिरजेचे पेटीवाले काका आणि त्यांचा तबल्यावरचा पुतण्या समोर बसून वाजवणार. आपल्याकडेही मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्यासमोर पेटी-तबला असायचाच, त्यामुळे हे बाहेरून आणलेलं काही वाटणार नाही.

एक गोष्ट आजच पक्की केली. निवेदनात त्याला "फॅटी" म्हणायचं नाही. ते पडद्यावरचं नाव होतं, पोस्टरवर मोठ्या अक्षरात छापायचे, पण प्रत्यक्षात कोणी त्या नावाने हाक मारली तर त्याला आवडायचं नाही. फिल्मच्या नावात आलं तर घ्यायचं, बाकी सगळीकडे रॉस्को.

७ जून

फिल्म निवडायला बसलो. जुन्या असल्यामुळे अमेरिकेतले कॉपीराइट संपलेत, फाइल मिळतात, पण त्यावर कोणीतरी नंतर चढवलेलं संगीत असतं ते वापरायचं नाही, आवाज पूर्ण बंद आणि काका लाइव्ह.

मोठी अडचण स्पीडची. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा ते वीस फ्रेम, कधी मुद्दाम कमी फिरवायचे म्हणजे पळापळ अजून जोरात दिसावी. आता बऱ्याच फाइली सरळ चोवीसच्या स्पीडने केलेल्या असतात त्यामुळे माणसं टकाटक टकाटक चालतात आणि लोकांना वाटतं मूकपट म्हणजे असंच असतं. रॉस्कोच्या बाबतीत यात फार नुकसान होतं कारण त्याची सगळी जादू हालचालीत आहे. एकेक तुकडा हळू करून बघतोय, अठरा-एकोणीसला आणला की माणूस एकदम श्वास घ्यायला लागतो. सव्वाशे किलोच्या आसपासचा माणूस पण पाय इतके हलके की बघतच राहावं.

द बुचर बॉय, एप्रिल १९१७. ही पहिली निवड. यात रॉस्को किराणा-मटणाच्या दुकानात कामाला आहे. सुरी हवेत फिरवून मागे न बघता टाकतो ती बरोबर ठोकळ्यात रुतते, मांस आणायला बर्फाच्या खोलीत जाताना फरचा कोट घालून जातो, आणि हे सगळं करताना चेहऱ्यावर "बघा मी काय केलं" असा भाव अजिबात नाही, रोजचं काम चाललंय असा चेहरा. मग दुकानात एक सडपातळ तरुण येतो, चपटी टोपी, एकदम गंभीर. तो बस्टर कीटन, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर. त्याला काकवी हवी आहे. डबा पुढे करतो, रॉस्को भरून देतो, पैसे मागितल्यावर कळतं की नाणं डब्याच्या तळाशीच टाकलेलं होतं. मग ती काकवी टोपीत, टोपी डोक्याला चिकटलेली, ओढून निघत नाही, थोडी जमिनीवर सांडलेली त्यात बूट अडकलेला. शेवटी रॉस्को उकळतं पाणी ओततो आणि लाथ मारून बाहेर काढतो. हा सगळा तुकडा कापायचा नाही, पूर्ण दाखवायचा. दोन माणसांची वेळ साधायची पद्धत इथेच जुळलेली दिसते आणि त्यानंतर तीन वर्षं ती तशीच राहिली.

कीटन स्वतः नंतर सांगायचा की सिनेमा काय असतो ते रॉस्कोने शिकवलं. स्टुडिओत आल्या आल्या त्याला कॅमेरा आतून कसा असतो हे बघायचं होतं आणि रॉस्कोने दाखवू दिला. एवढा मोठा स्टार, स्वतःच दिग्दर्शक, आणि नव्या पोराला आपल्या फिल्ममध्ये सगळ्यात भारी जागा देऊन टाकतो. मला या माणसाबद्दल जे सांगायचंय त्यातलं निम्मं या एका गोष्टीत आहे.

११ जून

काकांकडे जाऊन पहिली बैठक झाली. लॅपटॉपवर तुकडे दाखवले. काकांनी आधीच सांगितलं की प्रत्येक पडण्याला धाडकन वाजवायचं नाही, पोराने तबल्यावर तेवढंच केलं तर लोक पाच मिनिटात कंटाळतील. बरोबर आहे.

आज फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट वर वेळ गेला. १९१६ च्या सुरुवातीला आलेली, कीस्टोनची. कीस्टोन म्हणजे मॅक सेनेटची कंपनी, १९१२ ला सुरू झाली, लॉस एंजेलिसच्या ईडनडेल भागात, तिथून कीस्टोन कॉप्स (धांदरट पोलिसांची विनोदी टोळी) निघाले, चॅप्लिन १९१४ ला तिथेच पहिल्यांदा पडद्यावर आला, आठवड्याला दीडशे डॉलरवर. मेबल तिथे आधीपासून, कंपनीची सगळ्यात मोठी हिरॉइन, रॉस्को १९१३ ला आला. दोघांची जोडी लोकांनी उचलून धरली.

या फिल्ममध्ये नवं लग्न झालेलं जोडपं समुद्राकाठच्या छोट्या घरात राहायला येतं आणि रात्री व्हिलन ते घर पाण्यात ढकलून देतो, सकाळी उठतात तर पलंग तरंगतोय. (व्हिलन म्हणजे रॉस्कोचा भाचा अल सेंट जॉन, तोही भन्नाट.) पण मला दाखवायचंय ते त्याच्या आधीचं. मेबल झोपली आहे. रॉस्को दारातून निघताना थांबतो, त्याची सावली भिंतीवरून तिच्याकडे सरकते, वाकते, आणि सावलीच तिच्या गालाचं चुंबन घेते. बस. तोंडावर क्रीमचा पाय (केकसारखा गोड पदार्थ) फेकणाऱ्या, विटा मारणाऱ्या कंपनीत १९१६ ला हे केलंय, आणि दिग्दर्शन रॉस्कोचंच. काकांनी हे दोनदा बघितलं, काही बोलले नाहीत, पेटी उघडली आणि यमनसारखं काहीतरी अगदी हळू सुरू केलं. तेच ठेवायचं.

यात ल्यूक नावाचा कुत्रा पण आहे, रॉस्को आणि त्याची बायको मिंटा डर्फी यांचा घरचाच, पिट बुल. लहान मुलं आली तर त्यांच्यासाठी ल्यूक.

१४ जून

कोनी आयलंड (१९१७) मधला छोटा तुकडा घेतला. रॉस्को कपडे बदलायला लागतो, मग त्याला जाणवतं की कॅमेरा बघतोय, तो कॅमेऱ्याला हाताने खूण करतो, वर कर, आणि कॅमेरा खरंच वर जातो, फक्त चेहरा दिसतो. प्रेक्षकाशी असं थेट नातं. द रफ हाउस (१९१७) मधला पण घेतला, जेवणाच्या टेबलावर दोन काट्यांना ब्रेडचे छोटे रोल टोचून तो त्यांना पावलांसारखं चालवतो. चॅप्लिनचा गोल्ड रश १९२५ चा, त्यातला रोलचा नाच सगळ्यांनी बघितलेला असतो. दोन्ही लागोपाठ दाखवणार. चॅप्लिनने ती गोष्ट खूप पुढे नेली यात शंका नाही, त्याचा नाच जास्त नाजूक आहे, पण आधी रॉस्कोने केलंय हे लोकांना दिसायला हवं.

द कूक (१९१८) पण हवी होती. ती कितीतरी वर्षं हरवलेली समजली जायची, १९९८ ला नॉर्वेत सापडली. हरवणं हा या सगळ्यातला मोठा भाग आहे, अमेरिकेत मूकपटाच्या काळात जे मोठे सिनेमे निघाले त्यातले मूळ स्वरूपात जेमतेम चौदा टक्के शिल्लक आहेत असा तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा २०१३ चा अहवाल सांगतो. रॉस्कोच्या फिल्म तर त्यात आणखी एका कारणाने मागे पडल्या. त्यावर पुढच्या नोंदीत.

१८ जून

आज प्रकरण लिहायला घेतलं. यात घाई करायची नाही असं ठरवलं होतं. आधी फक्त घटना, क्रमाने, वाचलेल्यातलं जे पक्कं आहे तेवढंच.

सोमवार ५ सप्टेंबर १९२१, लेबर डेची सुट्टी. रॉस्को सतत काम करून थकलेला, दोन मित्रांबरोबर, नट लोवेल शर्मन आणि दिग्दर्शक फ्रेड फिशबॅक, स्वतःच्या पिअर्स-ॲरो गाडीतून सॅन फ्रान्सिस्कोला आला. सेंट फ्रान्सिस हॉटेल, बारावा मजला, १२१९, १२२० आणि १२२१ या तीन खोल्या. दारूबंदीचा काळ पण खोलीत दारू होती. दुपारी लोक जमत गेले. त्यात व्हर्जिनिया रॅपी होती, तीस वर्षांची, मॉडेल, कपड्यांची डिझाइन पण करायची, सिनेमात छोटी कामं केलेली. तिच्याबरोबर मॉड डेलमाँट नावाची बाई.

दुपारी १२१९ मध्ये व्हर्जिनियाला भयंकर पोटदुखी सुरू झाली. लोकांनी बर्फ लावला, गार पाण्यात बसवलं, हॉटेलच्या डॉक्टरला बोलावलं, सगळ्यांना वाटलं दारू जास्त झाली. दुसऱ्या दिवशी रॉस्को बोटीने लॉस एंजेलिसला परत गेला. तिला दवाखान्यात हलवायला आणखी काही दिवस गेले आणि ९ सप्टेंबरला ती गेली. मूत्राशय फाटलं होतं आणि त्यातून पोटात जंतुसंसर्ग पसरला होता. डेलमाँटने पोलिसांना सांगितलं की रॉस्कोने तिच्यावर अत्याचार केला. १० तारखेला त्याला अटक, आधी थेट खुनाचा आरोप, म्हणजे फाशीपर्यंत जाऊ शकणारा. महिनाअखेरीला जज सिल्वेन लाझारस यांनी तो आरोप सदोष मनुष्यवधापर्यंत खाली आणला आणि मग जामीन. तोपर्यंत जवळजवळ तीन आठवडे तो तुरुंगात होता.

पण थिएटरवाल्यांनी कोर्टाची वाट बघितली नाही. अटकेच्या बातमीबरोबर फिल्म उतरवायला सुरुवात, लॉस एंजेलिसमध्ये ग्रॉमनच्या मिलियन डॉलर थिएटरमध्ये त्याची गॅसोलीन गस चालू होती ती लगेच काढली. तयार असलेल्या फिल्म, लीप इयर त्यातलीच, अमेरिकेत तेव्हा लागल्याच नाहीत.

२२ जून

वर्तमानपत्रांचा भाग. पेपरांचे बडे मालक हर्स्ट यांच्या सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनरने रोज पान भरून छापलं, हॉटेलच्या खोलीचे फोटो, रॉस्कोचा जाड चेहरा मोठा करून. त्याचं वजन हाच जणू पुरावा झाला, एवढा अवजड माणूस आणि बिचारी मुलगी, तिच्यावर पडला असेल म्हणजे फाटलंच असणार, असं लोक धरूनच चालले. आणि ती बाटलीची गोष्ट. आजही हे नाव काढलं की कोणीतरी बाटलीबद्दल बोलतंच. कोर्टात तीनही खटल्यात बाटलीचा आरोप कधीच नव्हता. बर्फ लावला होता हे साक्षीत आलं, त्यातून लोकांनी वाढवत वाढवत काहीच्या काही केलं आणि नंतर पुस्तकांतूनही ते छापलं गेलं.

निवेदनात ही अफवा मी स्वतः सांगणार नाही. कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं, पण आपण स्टेजवरून तिचं वर्णन करायचं नाही, कारण खोटं म्हणून सांगितलं तरी लोकांच्या लक्षात चित्रच राहतं.

भाचीला स्क्रिप्ट वाचायला दिली होती. तिचा फोन आला, तिने एकच प्रश्न विचारला, मामा, यात व्हर्जिनिया कुठे आहे? रॉस्कोवर काय अन्याय झाला ते सगळं आलंय, पण ती फक्त आजारी पडते आणि मरते. यावर आम्ही खूप वेळ बोललो. रॉस्कोच्या बाजूच्या वकिलांनी तिची बदनामी केली होती, ती पार्ट्यांना जायची, दारू प्यायची, आधीपासून आजारी होती, कशी मुलगी होती वगैरे, आणि शंभर वर्षं रॉस्कोची बाजू घेणारे लोक तेच परत परत लिहित आलेत. तिच्या मूत्राशयाचा आजार जुना असणं ही वैद्यकीय बाब आहे, बचावात ती आलीच पाहिजे होती. पण त्यापुढे तिच्या चारित्र्याबद्दल जे बोललं गेलं त्याचा मृत्यूच्या कारणाशी काही संबंध नाही. एका माणसाला खोट्या आरोपातून बाहेर काढताना मेलेल्या बाईला खाली ढकलायचं नाही. ही या सगळ्या कार्यक्रमाची मुख्य गोष्ट आहे आणि ती मला मोठ्याने सांगायची आहे.

तिच्यासाठी वेगळा भाग लिहिला. शिकागोत वाढली, किशोरवयात मॉडेलिंग सुरू केलं, स्वतःच्या डिझाइनचे कपडे, काम शोधत पश्चिमेला आली. तिला वाचवता आलं असतं का हा प्रश्न पण घातला, कारण पहिले काही दिवस तिच्या दुखण्याला दारूचा त्रास समजून बसले होते आणि पेनिसिलिन अजून यायचं होतं.

२९ जून

आज रॉस्कोची पुण्यतिथी, १९३३. दिवसभर तीन खटले लिहिले.

पहिला १४ नोव्हेंबर १९२१ ला सुरू. सरकारी वकील मॅथ्यू ब्रेडी. त्यांची अडचण अशी की आरोप जिच्या तक्रारीवर उभा होता त्या मॉड डेलमाँटला ते साक्षीला उभं करू शकत नव्हते, तिचे जबाब सारखे बदलत होते आणि तिचा स्वतःचा रेकॉर्ड चांगला नव्हता. तीनही खटल्यात तिला एकदाही बोलावलं नाही. त्याऐवजी पार्टीतल्या दुसऱ्या दोन मुली, झे प्रेवॉन आणि ॲलिस ब्लेक. त्यांच्यावर जबाबासाठी दबाव आणला हे पुढे कोर्टातच निघालं. मग १२१९ चं दार. बर्कलीचे तपासतज्ज्ञ एडवर्ड हाइनरिक यांनी सांगितलं की दारावर दोघांच्या बोटांचे ठसे एकावर एक आहेत म्हणजे झटापट झाली. त्यावर हॉटेलच्या मोलकरणीने येऊन सांगितलं की तपास व्हायच्या आधी तिने ती खोली नीट पुसून काढली होती. एवढी मोठी शास्त्रीय साक्ष आणि ती एका फडक्याने गेली.

रॉस्को स्वतः साक्षीला उभा राहिला. शांतपणे सांगितलं की तो कपडे बदलायला खोलीत गेला, ती बाथरूममध्ये जमिनीवर पडलेली होती, उलट्या होत होत्या, तिला उचलून पलंगावर ठेवलं, मग बाकीच्यांना बोलावलं. उलटतपासणीत डगमगला नाही. ज्युरी १०-२ त्याच्या बाजूने पण एकमत नाही, खटला रद्द.

दुसरा जानेवारी १९२२. वकिलांना वाटलं आता सोपं आहे, रॉस्कोला साक्षीला उभंच केलं नाही. ज्युरीने तो गप्प बसला याचा उलटा अर्थ घेतला आणि या वेळी बहुमत विरुद्ध गेलं. परत एकमत नाही. हे भाषणात सांगताना थांबायचं, कारण पुरावा तोच, उलट सरकारी बाजू आणखी कमजोर झालेली, आणि तरी माणूस शिक्षेच्या इतका जवळ.

तिसरा मार्च-एप्रिल. वकील गॅव्हिन मॅक्नॅब यांनी काहीच सोडलं नाही, रॉस्को परत उभा राहिला. १२ एप्रिल १९२२ ला ज्युरी आत गेली आणि पाच-सहा मिनिटात बाहेर. त्यातला बराचसा वेळ त्यांनी एक निवेदन लिहिण्यात घालवला. त्याचा आशय असा की रॉस्को आर्बकलला नुसतं निर्दोष सोडणं पुरेसं नाही, त्याच्यावर मोठा अन्याय झालाय असं आम्हाला वाटतं, आणि त्याचा कुठल्याही गुन्ह्याशी संबंध जोडणारा अगदी थोडासाही पुरावा पुढे आला नाही. ज्युरीने आरोपीची अशी बाजू लिहून द्यावी हे फारच दुर्मिळ. हे निवेदन वाचून दाखवताना संगीत नको, काकांना सांगितलं.

शिक्षा झाली ती फक्त दारूची, पाचशे डॉलर दंड.

४ जुलै

सुटल्यानंतरचे सहा दिवस. १८ एप्रिल १९२२ ला विल हेज यांनी रॉस्कोच्या फिल्मवर बंदी जाहीर केली. हेज हे आधी अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल, स्टुडिओवाल्यांनी सिनेमाची अब्रू वाचवायला त्यांना नेमलं होतं आणि जवळजवळ पहिलंच मोठं काम हे केलं. म्हणजे कोर्टाने सोडलं आणि धंद्याने पकडलं. स्टुडिओवाले म्हणजे त्याच्यावर सगळ्यात जास्त कमावलेले लोक. डिसेंबरमध्ये बंदी उठवली पण तोपर्यंत महिला संघटना, चर्च, गावागावातले पुढारी उभे राहिले आणि थिएटरवाले हात लावेनात. वकिलांचं देणं फेडायला घर गेलं, गाड्या गेल्या.

मग दुसऱ्या नावाने दिग्दर्शन. विल्यम गुडरिच, ही वडिलांची पहिली दोन नावं. ज्या वडिलांना हे मूल आपलं आहे यावरच विश्वास नव्हता आणि ज्यांनी त्याला कधी जवळ केलं नाही त्यांच्या नावाखाली त्याने कितीतरी वर्षं काम केलं. १९२७ ला द रेड मिल केली, हिरॉइन मॅरियन डेव्हिस, आणि निर्मिती हर्स्ट यांच्याच कंपनीची. ज्यांच्या पेपरने रोज पान भरून छापलं त्यांच्याचसाठी. हे मी एकाच वाक्यात सांगणार आहे.

कीटनने साथ सोडली नाही. खटल्यात चारित्र्याची साक्ष द्यायला निघाला होता, त्याला वकिलांनीच थांबवलं की बाहेरच्या माणसाने येऊन शहराचा राग वाढेल. नंतरही तो रॉस्कोला काम देत राहिला. मित्र कसा असावा हे बघायचं असेल तर कीटन.

१९३२ ला व्हिटाफोनने बोलपटाच्या दोन रिळांच्या सहा कॉमेडी दिल्या, ब्रुकलिनमध्ये शूटिंग, पहिली "हे पॉप". पडद्यावर परत स्वतःच्या नावाने. लोक आले, हसले. मोठ्या सिनेमाचंही जमलं होतं. जून १९३३ च्या शेवटी झोपेतच हार्ट अटॅक, ४६ वय.

"हे पॉप" मधला एक मिनिटाचा तुकडा दाखवायचाय पण त्याचे हक्क वेगळे असू शकतात, बोलपट आहे. नाही मिळालं तर फोटोवर काम भागवू.

९ जुलै

मेबलचा भाग. हिच्यावर खरं तर वेगळी संध्याकाळ हवी.

सगळे म्हणतात मेबल म्हणजे सेनेटची प्रेयसी, मेबलने पहिला क्रीमचा पाय फेकून मारला, झालं. पण १९१४ ला कीस्टोनमध्ये ती स्वतः दिग्दर्शन करत होती, मेबल्स ब्लंडर तिने लिहिली, दिग्दर्शित केली, त्यातच काम केलं, आणि अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत २००९ ला ती घेतलीय. चॅप्लिनला सुरुवातीला तिच्या हाताखाली काम करावं लागत होतं, मेबल ॲट द व्हीलच्या वेळी त्याला ते सहन झालं नाही आणि सेटवरच भांडण झालं. तो तेव्हा नवखा, ती स्टार, आणि नंतरच्या सगळ्या गोष्टी त्याच्या बाजूने लिहिल्या गेल्या. मला तिची बाजू पटते. कॅमेऱ्यासमोर काय टिकतं हे तिला त्याच्या आधी दोन-तीन वर्षं कळलेलं होतं.

दाखवायचा तुकडा द एक्स्ट्रा गर्ल (१९२३) मधला. स्टुडिओत एका कुत्र्याला सिंहाचं सोंग चढवलेलं असतं, मेबलला वाटतं आपण त्यालाच दोरीने नेतोय आणि तिच्या हातात खरा सिंह. ती मागे न बघता चालते, बोलत बोलत, दोरी ओढत, आणि समोरून लोक पळतात ते तिला कळतच नाही. खरा सिंह, दोरी खरी. मग ती वळते. तो चेहरा बघण्यासारखा आहे.

आता भानगड. १ फेब्रुवारी १९२२, संध्याकाळ. दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर यांच्या घरी, अल्वाराडो कोर्टमधल्या बंगल्यात, मेबल भेटायला गेली, पुस्तक घेतलं, पावणेआठच्या सुमाराला निघाली, ते गाडीपर्यंत सोडायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नोकराला ते मेलेले सापडले, पाठीत गोळी. जिवंत पाहिलेली शेवटची व्यक्ती म्हणून मेबलचं नाव. खून कधीच उलगडला नाही, तिच्यावर आरोपही झाला नाही. आणि तारीख बघा, रॉस्कोच्या दुसऱ्या खटल्याची ज्युरी ३ फेब्रुवारीला उठली. एकाच आठवड्यात एका पेपरात दोघं, एकेकाळच्या एकाच जोडीचे. टेलर त्याच पॅरामाउंटचे दिग्दर्शक ज्याच्या करारावर रॉस्को होता. लोकांनी सगळं एकत्र करून टाकलं की हॉलिवूड म्हणजे असंच.

तरी ती उभी राहिली, एक्स्ट्रा गर्ल आली, आणि १ जानेवारी १९२४ ला तिच्या ड्रायव्हरने कोर्टलँड डाइन्स नावाच्या श्रीमंत माणसावर गोळी झाडली, मेबलच्याच पिस्तुलाने. त्या पार्टीत चॅप्लिनची हिरॉइन एडना पर्वायन्स पण होती. डाइन्स वाचला. पण अमेरिकेत काही ठिकाणी मेबलच्या फिल्म बंद. १९२६ ला हॅल रोचकडे थोडं काम, मग क्षयरोग, २३ फेब्रुवारी १९३० ला मॉनरोव्हियाच्या सॅनिटोरियममध्ये गेली. चाळिशीही गाठली नाही.

रॉस्कोला निदान ज्युरीने लिहून दिलं. मेबलवर कधी खटलाच नव्हता त्यामुळे तिला निर्दोष म्हणणारं कोणी भेटलंच नाही. स्क्रिप्टमध्ये हे वाक्य जसंच्या तसं ठेवलं.

१५ जुलै

तालीम, हॉलमध्येच. पडदा थोडा खाली आणावा लागला, पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांच्या माना दुखल्या असत्या. मी सलग फार बोलतोय, काका म्हणाले की फिल्म चालू असताना दोन वाक्यांच्या वर नको, बोलायचं ते मधल्या अंधारात बोला. खटल्याचा भाग बारा मिनिटांवर आणला. तबल्याच्या पोराने काकवीच्या सीनला एक चिकट लय काढलीय, डग्गा घासून घासून, हे फार भारी जमलंय, बूट सुटतो तेव्हा एकच थाप.

रोलच्या नाचाला दोन्ही वेळा एकच चाल वाजवायची, चॅप्लिनला थोडी वरच्या पट्टीत.

२१ जुलै

कार्यक्रम झाला. हॉल भरला होता, मागे काही लोक उभे. काकवीला मुलं खुर्चीवरून उठून हसत होती, सावलीच्या वेळी मागून कोणीतरी "अरे वा" म्हणालं.

नंतर प्रश्न. एका निवृत्त वकील काकांनी विचारलं की दुसऱ्या खटल्यात आरोपी गप्प बसला याचा विचार ज्युरीने करायलाच नको होता, मग झालं कसं. त्यावर चांगली चर्चा झाली, तेच बरंच बोलले. एका बाईंनी व्हर्जिनियाबद्दल विचारलं, तिच्यावर कोणी काही केलंय का, तिचं थडगं कुठे आहे. हॉलिवूड फॉरेव्हर स्मशानभूमीत आहे. बाटलीचा प्रश्न आलाच, एका तरुण मुलाने विचारला, तीनही खटल्यात असा आरोप नव्हता एवढं सांगितलं आणि त्याने ते लिहून घेतलं.

पुढचं काम: ताईंनी डिसेंबरमध्ये मेबलची पूर्ण संध्याकाळ करायला सांगितलंय. मेबल्स ब्लंडर आणि मिकी (१९१८) यांच्या बऱ्या फाइली शोधायच्या, मिकी मोठी आहे, काकांना सलग एवढं वाजवणं झेपेल का ते विचारायचं, नाहीतर मध्यंतर ठेवू. एक्स्ट्रा गर्लची स्पीड परत तपासायची, सिंहाच्या सीनला अजूनही किंचित जास्त वाटते.